गोळीच्या आधीचा प्रश्न: रक्तदाब आणि संप्रेरकं

निपाणीच्या माणसाला मोठ्या दवाखान्याच्या दोन वाटा आहेत. उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूर, दक्षिणेला त्याच महामार्गावर बेळगाव. त्यामुळे इथल्या घरांतल्या फायलींत दोन्ही गावांचे कागद सापडतात. मजकूर मात्र बहुधा एकच असतो: 'हायपरटेन्शन', आणि त्याखाली ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, रोज एक. बीपी किती आहे हे लिहिलेलं असतं. ते कशामुळे वाढलं, याची नोंद क्वचितच दिसते.

याचा अर्थ डॉक्टर चुकतात असा नाही. बहुतेकांच्या वाढलेल्या रक्तदाबाला एकच एक कारण नसतं. आनुवंशिकता, वय, वजन, मीठ आणि मूत्रपिंडाची ठेवण यांच्या मिश्रणातून तो घडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पंधरा वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष एकतर वाढलेल्या रक्तदाबाचे होते किंवा त्यासाठी गोळी घेत होते. एवढ्या लोकांपर्यंत पोहोचायचं तर स्वस्त, ठरावीक आणि सोपी उपचारपद्धतीच हवी. पण याच गर्दीत असेही रुग्ण आहेत ज्यांच्या रक्तदाबामागे एखादं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, स्पष्टपणे उभं असतं. ते ओळखलं तर त्यांचा उपचार बदलतो, काहींचा आजार बराही होतो. ही माणसं त्याच एका गोळीवर वर्षानुवर्षं राहतात, हे मला सलतं. संप्रेरकांचा रक्तदाबाशी संबंध सव्वाशे वर्षांपूर्वीच कळू लागला होता, आणि त्या कहाणीतली काही महत्त्वाची पानं मुंबई, महाड, नागपूर आणि खुद्द बेळगावात लिहिली गेली आहेत. म्हणून हा आढावा.

सुरुवात मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींपासून करू. १८९४ च्या सुमारास जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी लंडनमध्ये या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क प्राण्यांच्या शिरेत टोचला. रक्तदाब झपाट्याने वर गेला. पुढे जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास त्यातला मूळ पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. तोच ॲड्रेनलिन. त्याचा सख्खा भाऊ नॉरॲड्रेनलिन चेताटोकांतून झिरपतो. हृदयाचे ठोके वाढवणं आणि लहान रोहिण्या आवळणं ही दोघांची कामं. घाबरलो, धावलो, अचानक उभे राहिलो, तर शरीर याच दोघांच्या जोरावर रक्तदाब सांभाळतं.

या साखळीवर औषधाने पकड बसवता येते, हे पाश्चात्त्य वैद्यकाला ठामपणे दाखवलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. सर्पगंधेचं मूळ भारतीय वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. सह्याद्रीच्या ओलसर रानांतही ही वनस्पती उगवते. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं होतं, पण बाहेर कुणी फारशी दखल घेतली नाही. वकिलांनी केईएम रुग्णालयातल्या ५० रुग्णांवरची निरीक्षणं मांडली आणि १९४९ मध्ये तो लेख 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला. त्यात मोजमाप होतं, मात्रा होती, दुष्परिणाम होते. जगाला पटलं ते त्यामुळे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या मुळातून रेझर्पिन वेगळं केलं. चेताटोकांत साठवलेलं नॉरॲड्रेनलिन ते रिकामं करतं, हे नंतर उलगडलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे काही रुग्णांत उदासीनता येते असं दिसल्यावर आणि नवी औषधं आल्यावर रेझर्पिन मागे पडलं. पण उच्च रक्तदाब औषधाने उतरवता येतो, हा विश्वास ज्या मोजक्या औषधांनी दिला त्यांत ते होतं. आपल्याकडे वकिलांचं नाव शाळेच्या पुस्तकात नाही, याची मला खंत वाटते.

ॲड्रेनलिनच्या या कहाणीतला सगळ्यात दाहक अध्याय महाडचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. नागपूरला एमबीबीएस झाल्यावर सत्तरीच्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आले. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत होती, विशेषतः मुलं. त्या वेळचे उपचार म्हणजे ॲट्रोपिन, स्टेरॉइड, झोपेची औषधं. रुग्ण तरीही जात होते. बावस्कर रात्र-रात्र रुग्णाच्या खाटेशी बसून लिहून ठेवत राहिले: आधी उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढलेला, मग धाप, गुलाबी फेस आणि मृत्यू. विंचवाचं विष चेतापेशींवरची सोडियमची दारं उघडी ठेवतं. त्यामुळे चेतातंतू थांबतच नाहीत आणि शरीरातलं ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन एकदम रक्तात सुटतं. मृत्यू येतो तो या वादळाने. आवळलेल्या रोहिण्यांविरुद्ध झगडताना हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं.

१९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांची निरीक्षणं छापून आली. सुरुवातीला त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून दिलं. ते परिणामकारक होतं, पण खेड्यात ठिबकावर नजर ठेवत द्यायला अवघड. मग प्राझोसिन आलं. नॉरॲड्रेनलिन ज्या अल्फा ग्राहींवर बसून रोहिण्या आवळतं, त्या ग्राहीच ही गोळी अडवते. तोंडाने देता येते, स्वस्त आहे, आरोग्य केंद्राच्या कपाटात ठेवता येते. पूर्वी इस्पितळात पोहोचलेल्या गंभीर रुग्णांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक दगावायचे. प्राझोसिननंतर हे प्रमाण काही टक्क्यांवर आलं. २०११ मध्ये डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ७० रुग्णांची चाचणी मांडली. मुंबईच्या हाफकिनमध्ये बनलेलं विंचवाचं प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर एकट्या प्राझोसिनपेक्षा रुग्ण कितीतरी लवकर बरे होतात, असं त्यात दिसलं. २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. प्रयोगशाळा नसलेल्या गावात रुग्णाकडे नीट पाहिलं आणि 'नेमकं कोणतं रसायन?' हा प्रश्न विचारला, तेवढ्यातून जीव वाचले. बीपीच्या साध्या रुग्णासाठीही मी याहून वेगळं काही मागत नाही.

आता निपाणीकडे वळतो, कारण ॲड्रेनलिनचा विषय निघाला आणि तंबाखूचा निघाला नाही असं इथे होऊ शकत नाही. हा विडीच्या तंबाखूचा प्रदेश. १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन आणि वखारींत काम करणाऱ्या बायकांच्या संघटना या दोन्हींनी निपाणीचं नाव दूरवर नेलं. निकोटिन रक्तात गेलं की अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्याला आणि चेताटोकांना तेच चिथावतं. विडी ओढल्यावर काही मिनिटांतच नाडी जलद होते आणि रक्तदाब चढतो. परिणाम हळूहळू ओसरतो, म्हणून रक्तदाब मोजण्याआधी निदान अर्धा तास तंबाखू घेऊ नये हा नियम आहे. आपल्या दवाखान्यांत तो फार कमी पाळला जातो. ओसरीवर विडी विझवून आत आलेल्या माणसाचा आकडा खरा धरून गोळी वाढवली जाते, किंवा उलट, चढलेला आकडा तंबाखूचा समजून सोडून दिला जातो. दोन्ही वाईट. तंबाखू ओढणाऱ्यांचा विश्रांतीतला रक्तदाब कायम वाढलेलाच असतो असं मात्र नाही. अभ्यासांत यावर एकमत नाही. तंबाखूचा खरा घाव रोहिणीच्या अस्तरावर बसतो, आणि त्यात वाढलेला रक्तदाब मिळाला की हृदयविकार आणि पक्षाघात जवळ येतात.

ओल्या पानांतून निकोटिन कातडीवाटेही शरीरात जातं. गुजरातच्या तंबाखूच्या शेतात काम करणाऱ्यांत मळमळ, उलटी, डोकेदुखी, चक्कर असा त्रास होतो, हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तपासलं आहे. निपाणीच्या शेतमजुराला यातलं काही अनोळखी वाटणार नाही. आणि बायकांची मिश्री. ती दात घासायला म्हणून घेतली जाते, पण निकोटिन हिरडीवाटे रक्तात जातंच. २००४ मध्ये गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२०० हून अधिक गर्भवतींचा अभ्यास छापला. धूरविरहित तंबाखू, म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत मिश्रीच, वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती.

जन्माचं हे वजन पुढे रक्तदाबात उतरतं का? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आशिष बावडेकर, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी जन्मवजन माहीत असलेली ४७७ मुलं आठव्या वर्षी तपासली. १९९९ मध्ये निष्कर्ष आले. जन्मतः हलकी आणि आठव्या वर्षी जाड, अशा मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची लक्षणं सर्वाधिक होती आणि रक्तदाबाचाही कल वर होता. इन्शुलिन साखरेचं संप्रेरक म्हणून ओळखलं जातं, पण ते मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायलाही लावतं.

मीठ म्हटलं की दुसरी साखळी येते, आणि बीपीच्या रोजच्या रुग्णासाठी तीच अधिक महत्त्वाची आहे. १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि रक्तदाब वाढलेला पाहिला. त्या पदार्थाला त्यांनी रेनिन नाव दिलं. पुढची पस्तीस वर्षं ते जवळजवळ विसरलं गेलं. १९३४ मध्ये क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने अरुंद केली, आणि कुत्र्याला टिकाऊ उच्च रक्तदाब झाला. मग ब्युनोस आयर्स आणि इंडियानापोलिस इथल्या दोन गटांनी एकाच सुमारास दाखवलं की रेनिन स्वतः काही आवळत नाही. ते यकृतात बनलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं आणि तो तुकडा काम करतो. दोघांनी दिलेल्या वेगवेगळ्या नावांचे अर्धे-अर्धे भाग जोडून १९५८ मध्ये ॲन्जिओटेन्सिन हे नाव ठरलं. १९५३ मध्ये लंडनला सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून अल्डोस्टेरॉन शोधलं. आता साखळी जुळली. शरीरात मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड रेनिन सोडतं, त्यातून ॲन्जिओटेन्सिन बनतं, ते रोहिण्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉनला बोलावतं. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला सांगतं: सोडियम ठेव, पोटॅशियम सोड. उन्हात दिवसभर ऊसतोड करणाऱ्याला हीच साखळी उभं ठेवते. दिवसाला आठ-दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्या बैठ्या माणसात ती शांत बसायला हवी. ती शांत बसत नाही, तेव्हा रोग होतो.

आज या साखळीची कडी तोडणाऱ्या गोळ्या प्रत्येक मेडिकलच्या दुकानात आहेत. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावर सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये केलेल्या कामातून धागा निघाला आणि स्क्विब कंपनीच्या कुशमन व ओन्डेटी यांनी कॅप्टोप्रिल बनवलं. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी कॅनडात अडोल्फो डि बोल्ड यांनी दाखवलं की हृदयाच्या कप्प्यांतूनही एक संप्रेरक स्रवतं, आणि ते उलट काम करतं: मीठ बाहेर टाकतं, दाब उतरवतं. निपाणीच्या रुग्णाच्या पट्टीवरची टेल्मिसार्टान हीदेखील याच साखळीवरची गोळी, ॲन्जिओटेन्सिनला त्याच्या ग्राहीवर बसू न देणारी.

ही गोळी गर्भवतीला मात्र चालत नाही. बाळाच्या मूत्रपिंडांना ती धोक्याची आहे. गरोदरपणात रेनिन आणि ॲन्जिओटेन्सिन दोन्ही वाढतात, तरी निरोगी गर्भवतीच्या रोहिण्या त्यांना फारशी दाद देत नाहीत. ज्यांच्यात ही ढिलाई टिकत नाही, त्यांना विसाव्या आठवड्यानंतर प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला धोक्याचा वाढलेला रक्तदाब, होतो. २००३ मध्ये बोस्टनच्या अनंत करुमंची यांच्या गटाने दाखवलं की त्रासलेली वार एक प्रथिन रक्तात सोडते. रोहिण्यांना निरोगी ठेवणारे वाढघटक ते अडवून धरतं आणि आईचा रक्तदाब चढतो.

या प्रश्नावर बेळगावने जे काम केलं ते इथल्या वाचकाला माहीत असायला हवं. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या महिला आणि बाल आरोग्य संशोधन केंद्राने बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत २०१४ पासून 'क्लिप' ही चाचणी राबवली. पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही ती चालली होती. आशाताई आणि परिचारिका मोबाइलवरचं ॲप आणि रक्तदाबमापक घेऊन गर्भवतीच्या घरी जात. दाब धोक्याचा असेल तर तिथेच मिथाइलडोपाची गोळी, गरज पडली तर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन, आणि मोठ्या रुग्णालयात रवानगी. माता-बालकांच्या मृत्यू आणि गंभीर आजारांचं एकत्रित प्रमाण चाचणीच्या गावांत कमी झालं नाही. हा निकाल निराश करणारा आहे, पण तो प्रामाणिकपणे छापला गेला. ज्यांना आठ किंवा अधिक भेटी मिळाल्या, त्यांच्यात परिणाम बरे दिसले. माझ्या मते आशाताईच्या हातातल्या यंत्राची उपयुक्तता यातून खोटी ठरत नाही. पुढचं रुग्णालय, गाडी आणि रक्त वेळेवर मिळालं नाही तर एकटं यंत्र पुरत नाही, एवढं मात्र दिसतं. त्याच केंद्राने आणि नागपूरच्या गटाने 'ॲस्पिरिन' चाचणीत भाग घेतला. सहा देशांत पहिलटकरणींना ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन लवकरच्या आठवड्यांपासून दिलं तेव्हा अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आली. २०२० मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं.

नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत आणखी एक चाचणी झाली, आणि रोजच्या कामाला तीच सर्वांत उपयोगी. १६०/११० किंवा त्याहून जास्त दाब असलेल्या ८९४ गर्भवतींना निफेडिपिन, लॅबेटॅलॉल किंवा मिथाइलडोपा, यांपैकी एक गोळी तोंडाने देण्यात आली. सहा तासांत दाब सुरक्षितपणे आटोक्यात आला तो अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के स्त्रियांत. २०१९ मधला हा निष्कर्ष सांगतो की शिरेतून इंजेक्शन द्यायची सोय नाही म्हणून तालुक्याच्या रुग्णालयाने हात वर करायचं कारण नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. १९५४ मध्ये मिशिगनच्या जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. स्नायू अशक्त, हातापायांना पेटके, रक्तदाब वाढलेला, पोटॅशियम फारच कमी. तिच्या अधिवृक्क ग्रंथीत गाठ होती आणि ती अल्डोस्टेरॉन ओतत होती. गाठ काढली आणि स्त्री बरी झाली. हा आजार दुर्मीळ मानला गेला, कारण पोटॅशियम उतरलेलेच रुग्ण शोधले जात. नंतर अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं गुणोत्तर मोजायला सुरुवात झाली आणि चित्र पालटलं. वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांत निदान पाच ते दहा टक्के, आणि तीन औषधांनाही न जुमानणाऱ्यांत त्याहून बरेच अधिक लोक या आजाराचे निघतात. बहुतेकांचं पोटॅशियम सामान्यच असतं. त्याच रक्तदाबाच्या इतर रुग्णांपेक्षा यांच्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला इजा जास्त होते. २०२४ मध्ये युरोपीय हृदयरोग संघटनेने आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या एन्डोक्राइन सोसायटीने ही तपासणी मोजक्या रुग्णांपुरती न ठेवता, वाढलेला रक्तदाब पक्का झालेल्या सर्वांसाठी करण्याकडे कौल दिला.

सगळ्यांसाठी ती उद्या निपाणीत व्हावी अशी मागणी मी करत नाही. तपासणी महाग आहे, नमुने मोठ्या शहरात जातात आणि चालू गोळ्या निकाल बिघडवू शकतात. पण काही माणसं आजच निवडता येतात: चाळिशीच्या आत बीपी लागलेली, तीन गोळ्यांवरही १५० च्या खाली न येणारी, पाण्याची गोळी नसतानाही पोटॅशियम उतरलेली, किंवा घरात कुणाला तरुणपणी पक्षाघात झालेली. पोटॅशियमची तपासणी तरी कुठल्याही लॅबमध्ये होते आणि स्वस्त असते. त्यासोबत दोन-तीन प्रश्न विचारावेत. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोज चालू आहे का? ती मूत्रपिंडातली प्रोस्टाग्लँडिन्स दाबते आणि मीठ साचवते. नाव माहीत नसलेल्या पुड्यांतून स्टेरॉइड जातंय का? काढ्यात किंवा पानात ज्येष्ठमध जास्त आहे का? ज्येष्ठमधातला ग्लिसिरायझिन कॉर्टिसॉलला अल्डोस्टेरॉनची जागा घेऊ देतो, आणि कॉनच्या आजारासारखंच चित्र उभं राहतं. ज्येष्ठमध बंद केल्यावर काही आठवड्यांत ते पुसलंही जातं. चालू असलेली बीपीची गोळी मात्र कुणी आपल्या मनाने थांबवू नये.

गाठ एका बाजूला असेल तर शस्त्रक्रियेने ती काढता येते. दोन्ही बाजूंना दोष असेल तर अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन कामाला येते. ही गोळी १९६० च्या सुमारास बाजारात आली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या 'पाथवे-२' चाचणीत, तीन औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबावर चौथी गोळी म्हणून तिने तुलनेला घेतलेल्या इतर दोन गोळ्यांना मागे टाकलं. त्यातून एक गोष्ट पुढे आली: ज्यांना कॉनचा आजार म्हणता येत नाही अशांतही अल्डोस्टेरॉनची लहानशी जादा मात्रा काम करत असावी. अल्डोस्टेरॉन तयारच होऊ न देणारी बॅक्सड्रोस्टॅट आणि लोरुंड्रोस्टॅट ही नवी औषधं २०२५ च्या मोठ्या चाचण्यांत प्रभावी ठरली. ती इथे पोहोचतील तेव्हा पोहोचतील. स्पायरोनोलॅक्टोन आज निपाणीच्या मेडिकलमध्ये आहे, स्वस्त आहे. ती सुरू केल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन काही आठवड्यांत पुन्हा तपासावं लागतं, आणि काही पुरुषांत स्तन दुखतात किंवा वाढतात. हे रुग्णाला आधीच सांगितलं तर तो न विचारता गोळी सोडत नाही.